गच्चीवरून आकाशगंगेचे परिवलन कसे मोजावे : सोलापूरसाठी सविस्तर कृती

सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ अंश उत्तर आहे. आकाशगंगेच्या मध्यपट्ट्यावरील ५३ अंश रेखांशाचा बिंदू (हा रेखांश पृथ्वीवरचा नव्हे, तो आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेपासून मोजतात), म्हणजे गरुड आणि हंस यांच्या मधल्या चिमुकल्या शर तारकासमूहातील एक जागा, दररोज बरोबर आपल्या माथ्यावरून जातो. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. पण आपल्या दीर्घिकेच्या आतल्या भागाचे परिवलन ज्या पट्ट्यावरून मोजतात तो २० ते ८० अंश रेखांशांचा सगळा पट्टा त्यामुळे आपल्याला क्षितिजापासून ६० अंशांहून अधिक उंचीवर मिळतो. उंच पाहिल्यावर जमिनीची उष्णता, शेजारच्या पाण्याच्या टाक्या आणि मोबाइलचे मनोरे हे सगळे अँटेनाच्या नजरेबाहेर राहतात. युरोपातल्या हौशी निरीक्षकांना यातला २० ते ३० अंशांकडचा भाग बराच खाली, धडपडत गाठावा लागतो.

मोजायचे आहे ते हायड्रोजनच्या तटस्थ अणूंकडून येणारे रेडिओ उत्सर्जन. त्याची वारंवारता १४२०.४०६ मेगाहर्ट्झ आणि तरंगलांबी २१.१ सेंटीमीटर. ते सापडेल असे भाकीत डच खगोलशास्त्रज्ञ हेंड्रिक व्हॅन डे हल्स्ट यांनी १९४४ साली केले आणि मार्च १९५१ मध्ये हार्वर्डमध्ये इवेन आणि पर्सेल यांनी ते प्रत्यक्ष पकडले. त्यांचा अँटेना म्हणजे प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर काढलेले, आतून तांब्याचा पत्रा लावलेले प्लायवूडचे कर्णे होते; पाऊस आला की त्यातून पाणी थेट आत यायचे आणि जाता-येता विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे टाकायचे. सोलापुरात बर्फाची भीती नाही, मात्र कर्ण्यात चिमण्या शिरतात, हे मी अनुभवाने सांगतो.

धूळ या लहरींना अडवत नाही, ढगही अडवत नाहीत, आणि चंद्र कितीही उजळ असला तरी काही बिघडत नाही. वायू आपल्यापासून दूर जात असेल तर वारंवारता घटते, जवळ येत असेल तर वाढते. दर सेकंदाला १ किलोमीटर वेगासाठी हा फरक ४.७४ किलोहर्ट्झ असतो. पुढच्या सगळ्या कृतीत हा एकच आकडा पाठ असला तरी पुरे.

कर्णे आणि त्याचा डबा

आपला अँटेनाही असेच एक कर्णे. त्याच्या मागे पत्र्याचा एक चौकोनी डबा असतो आणि लहरी शेवटी त्यात उतरतात. मी पहिल्यांदा गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा डबा वापरला, कारण तो घरात होता. तीन संध्याकाळी घालवूनही हायड्रोजनची रेषा, म्हणजे आलेखात १४२० मेगाहर्ट्झजवळ दिसणारा उंचवटा, दिसेना. चूक साधी होती. डब्याची रुंदी तरंगलांबीच्या निम्म्याहून जास्त पण पूर्ण तरंगलांबीहून कमी असावी लागते, आणि उंची निम्म्याहूनही कमी. तरच लहर एकाच पद्धतीने आत शिरते. तेलाच्या डब्याची बाजू २३ सेंटीमीटरच्या वर, म्हणजे २१.१ पेक्षा मोठी. त्यात लहरी अनेक पद्धतींनी शिरतात आणि डब्यातल्या लहर पकडणाऱ्या तारेपर्यंत पोहोचताना त्यांची आपसातच मोडतोड होते.

त्याऐवजी पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून जीआय पत्र्याचा डबा करून घ्यावा. आतील माप १६.५ बाय ८.३ सेंटीमीटर, लांबी २५ सेंटीमीटरच्या आसपास, एक तोंड बंद, एक उघडे. माप आतले आहे हे कारागिराला दोनदा सांगावे. त्यांची सवय बाहेरून मोजण्याची असते. बंद बाजूपासून ६.९ सेंटीमीटर अंतरावर, रुंद बाजूच्या बरोबर मध्यभागी भोक पाडून तिथे एन-टाइप कनेक्टर बसवावा आणि त्याच्या आतल्या टोकाला जाड तांब्याची तार कथलाचा डाग देऊन जोडावी. तार आत साधारण ५ सेंटीमीटर उभी राहिली पाहिजे. सुरुवातीला ५.३ ठेवावी आणि मग मिलिमीटर-मिलिमीटर कापत जावे, कारण कापलेली तार वाढवता येत नाही. ६.९ हा आकडा उघड्या हवेतील तरंगलांबीचा चतुर्थांश नाही. डब्यात लहर ताणली जाऊन तिची लांबी २७.५ सेंटीमीटर होते आणि हा तिचा चतुर्थांश आहे.

डब्याच्या उघड्या तोंडापासून पसरत जाणारे कर्णे थर्मोकोलच्या जाड फळ्यांना स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून करता येते. पुढचे तोंड ७५ बाय ६० सेंटीमीटर असावे, खोली ७५ च्या आसपास. कडेला जिथे दोन फॉइल भेटतात तिथे ॲल्युमिनियमची चिकटपट्टी सलग लावावी. फट राहिली तर सगळी मेहनत त्या फटीतून जाते. या कर्ण्याची नजर सुमारे २० अंश रुंद असते, म्हणजे हात लांब करून आंगठा आणि करंगळी ताणल्यावर जेवढे आकाश झाकले जाते जवळपास तेवढी.

२० अंश ही खरे तर फारच ढोबळ नजर आहे आणि तिचा त्रास पुढे होणार आहे. ज्यांना जागा आणि चिकाटी आहे त्यांनी भंगारच्या दुकानात जुन्या केबलवाल्याची जाळीची छत्री शोधावी. ८ फुटी छत्रीची नजर ६ अंशांच्या आसपास येते, जाळीची भोके २१ सेंटीमीटरच्या लहरीपुढे नगण्य असतात, आणि भाव भंगाराच्या वजनाने ठरतो. मात्र ती वाऱ्यात हलते, आणि चैत्र-वैशाखातल्या वावटळीत तर गच्चीवर बांधूनच ठेवावी लागते.

संकेत वाढवणे आणि नोंदवणे

कनेक्टरला लागूनच, मध्ये लांब वायर न घालता, १४२० मेगाहर्ट्झची गाळणी असलेला कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर जोडावा. गाळणी नसेल तर १८०० मेगाहर्ट्झवर चालणारे मोबाइलचे मनोरे ॲम्प्लिफायरला इतके भारावून टाकतात की हायड्रोजनला जागाच उरत नाही. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमांनी खगोलशास्त्रासारख्या केवळ ऐकण्याच्या कामासाठी राखून ठेवला आहे, तिथे कोणालाही प्रक्षेपण करता येत नाही. पण शेजारच्या स्वस्त एलईडी बल्बच्या सर्किटला हा नियम माहीत नसतो. नवरात्रात गल्लीत रोषणाईच्या माळा लागल्या की आलेखात बारीक दात उगवतात, ते याच कारणाने.

पुढे आरटीएल-एसडीआर प्रकारचा यूएसबी रिसीव्हर आणि लॅपटॉप. रिसीव्हर घेताना एकाच गोष्टीवर पैसे खर्च करावेत, ती म्हणजे रिसीव्हरची वारंवारता ठरवणारे, तापमानाने न ढळणारे स्फटिक. दहा लाखात एक भाग इतकी चूक १४२० मेगाहर्ट्झवर दर सेकंदाला ०.३ किलोमीटर होते, ती चालते. पण दहा लाखात पन्नास भाग चुकणारा स्वस्त रिसीव्हर १५ किलोमीटरची चूक करतो, आणि सोलापूरच्या उन्हात तापला की ती चूक तासातासाला बदलते. मी रिसीव्हर आणि ॲम्प्लिफायरवर घडी केलेली पांढरी चादर टाकतो आणि मोजणीच्या अर्धा तास आधी दोन्ही चालू करून ठेवतो.

दर सेकंदाला संकेताचे २४ लाख नमुने घेऊन वर्णपटाचे ५१२ खाने करावेत. प्रत्येक खाना ४.७ किलोहर्ट्झचा, म्हणजे जवळपास बरोबर सेकंदाला १ किलोमीटरचा होतो आणि पुढची बेरीज-वजाबाकी मनातल्या मनातही करता येते. मध्यवारंवारता १४२०.८ मेगाहर्ट्झ लावावी. वर्णपटाच्या मधोमध रिसीव्हर स्वतःच एक खोटा टोकदार कळस उभा करतो. तो रेषेच्या अंगावर येऊ नये म्हणून हे सरकवणे. त्या एक-दोन खान्यांत शेजाऱ्यांची सरासरी भरून टाकावी. प्रत्येक दिशेला पाच मिनिटांची सरासरी पुरते.

लगेच जो आलेख दिसेल तो आकाशाचा नसून मुख्यतः तुमच्या यंत्राचा असेल: मध्ये फुगलेला, कडांना खाली गेलेला. तो काढून टाकण्यासाठी कर्णे जमिनीकडे वळवून तितकाच वेळ मोजावे आणि आकाशाच्या आलेखाला जमिनीच्या आलेखाने भागावे. आकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्याने भागण्याचा मोह टाळावा, कारण शून्य वेगाजवळचा हायड्रोजन आकाशात सगळीकडे थोडाफार असतोच आणि भागाकारात तो तुमची खरी रेषा खातो. जमिनीत तो नसतो, आणि तिचे तापमान सुमारे ३०० केल्विन धरता येते, म्हणून संकेताची तीव्रताही त्याच मोजणीतून ठरते.

ऑक्टोबरातली एक संध्याकाळ

आता दिशा. कर्णे फक्त उत्तर-दक्षिण रेषेत वर-खाली हलेल असे स्टुलावर बसवावे. उंची मोजायला कोनमापक आणि ओळंबा पुरतो. उत्तर-दक्षिण रेषा दुपारच्या आखूड सावलीने आखावी. ऑक्टोबरच्या मध्यात सोलापुरात ही वेळ १२ वाजून १२ मिनिटांची असते. हे काम मेच्या मध्यात काढू नये, कारण तेव्हा सूर्य माथ्यावर येतो आणि सावलीच उरत नाही.

१५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी आकाशगंगेचा मध्यपट्टा आपणहून आपल्या रेषेत एकामागून एक येत जातो. रेखांश २० अंश हा ५ वाजून २० मिनिटांनी, दक्षिणेकडे ६१ अंश उंचीवर. ३० अंश ५:४० ला, दक्षिणेकडे ७०. ४० अंश ५:५८ ला, दक्षिणेकडे ७९. ५० अंश ६:१७ ला, जवळपास माथ्यावर, दक्षिणेकडे ८७. त्यानंतर कर्णे उत्तरेकडे कलवावे: ६० अंश ६:३८ ला ८४ उंचीवर, ७० अंश ७ वाजता ७५ वर, ८० अंश साडेसातला ६७ वर. प्रत्येक दिशेला पाच मिनिटे आकाश, पाच मिनिटे जमीन. मध्ये चहाला वेळ उरतो. दररोज या वेळा चार मिनिटांनी अलीकडे येतात, म्हणून महिना उलटला की दोन तासांचा फरक पडतो. दिवसा मोजले तरी चालते, फक्त सूर्य कर्ण्याच्या नजरेत नको.

आधी शून्य

या सगळ्या उद्योगात वेग मोजणे सोपे आहे, वेग कशाच्या तुलनेत मोजला हे ठरवणे अवघड. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते, आणि सूर्य स्वतः आसपासच्या ताऱ्यांच्या तुलनेत सेकंदाला सुमारे २० किलोमीटरने शौरी तारकासमूहाच्या दिशेला चालला आहे. ५० अंश रेखांशाकडे पाहताना ऑक्टोबरच्या मध्यात हे दोन्ही वेग एकमेकांच्या विरुद्ध असतात आणि जेमतेम ६ किलोमीटर शिल्लक राहतात. एप्रिलच्या मध्यात पहाटे त्याच दिशेकडे पाहिले, तर दोन्ही एकाच बाजूला जमा होऊन सेकंदाला ४२ किलोमीटर होतात. मी एप्रिलमध्ये केलेली पहिली मोजणी दुरुस्ती न करता वहीत उतरवली होती आणि आकाशगंगेचा आतला भाग जवळपास थांबलेला आहे असा निष्कर्ष दोन दिवस मनात बाळगून होतो.

ॲस्ट्रोपाय या पायथॉनच्या संचात ही दुरुस्ती स्थळ, दिनांक आणि दिशा दिल्यावर तयार मिळते. स्थळ म्हणून १७.७ उत्तर आणि ७५.९ पूर्व द्यावे. दुरुस्तीचे चिन्ह उलट लागले आहे का, हे तपासण्याची एक खात्रीची जागा आहे: रेखांश १८० अंश, म्हणजे केंद्राच्या नेमकी विरुद्ध दिशा, वृषभ आणि सारथी यांच्या सीमेवर. तिथला वायू आपल्या दृष्टीरेषेला आडवा फिरतो, म्हणून परिवलनाचा वेग तिथे दिसतच नाही आणि शून्याजवळ एकच उंच कळस दिसायला हवा. ही दिशा फेब्रुवारीच्या मध्यात रात्री साडेआठच्या सुमारास उत्तरेकडे ७९ अंश उंचीवर असते. तिथे तुमचा कळस शून्यापासून दहा-पंधरा किलोमीटर सरकलेला असेल, तर दोष स्फटिकात किंवा चिन्हात आहे. पुढे जाऊ नये.

कड शोधून परिवलन काढणे

२० ते ७० अंशांपैकी कोणत्याही दिशेला पाहिले, तर आपली दृष्टीरेषा केंद्राभोवतीच्या अनेक वर्तुळांना छेदत जाते आणि एका वर्तुळाला फक्त स्पर्श करते. त्या स्पर्शबिंदूवर वायूचा पूर्ण वेग आपल्या दृष्टीरेषेतच असतो, म्हणून वर्णपटात सर्वांत मोठा धन वेग (दूर जाण्याचा वेग धन, जवळ येण्याचा ऋण) तिथूनच येतो. आडव्या अक्षावर वारंवारतेऐवजी वेग घेतला, तर तो वेग म्हणजे आलेखाची उजवी कड.

सूर्याचे केंद्रापासूनचे अंतर ८.२ किलोपार्सेक (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षे) आणि सूर्याजवळचा परिवलन वेग सेकंदाला २३५ किलोमीटर धरावा. जुन्या पुस्तकांत ८.५ आणि २२० हे १९८५ साली ठरलेले आकडे सापडतील. कोणतेही घ्या, पण मिसळू नका. स्पर्शबिंदूचे केंद्रापासूनचे अंतर म्हणजे ८.२ गुणिले रेखांशाचा साइन, आणि तिथला परिवलन वेग म्हणजे कडेचा वेग अधिक २३५ गुणिले तोच साइन. समजा ३० अंशांवर कड ११० वर आली. साइन ०.५, म्हणून अंतर ४.१ किलोपार्सेक आणि वेग ११० अधिक ११७.५, म्हणजे सुमारे २२८. वेगाचा वर्ग गुणिले अंतर भागिले गुरुत्वस्थिरांक केले, की त्या वर्तुळाच्या आतले वस्तुमान साधारण ५ हजार कोटी सूर्यांइतके निघते. हेच गणित ८.२ किलोपार्सेकला केले तर ते १० हजार कोटींच्या पुढे जाते. अंतर दुप्पट, वस्तुमानही दुप्पट, वेग मात्र जवळपास तोच. वस्तुमान केंद्राजवळच एकवटले असते तर दुप्पट अंतरावर वेग सात-दशांशावर यायला हवा होता. ही सपाट रेघ अशीच पुढे बाहेरच्या विरळ भागातही चालू राहते आणि तिथे तिचा हिशोब दिसणाऱ्या ताऱ्यांनी व वायूने लागत नाही. कृष्णद्रव्याची चर्चा तिथून सुरू होते.

कड कुठे मानावी, यावर मात्र सगळे अवलंबून आहे. वायूच्या स्वतःच्या खळबळीमुळे कड सेकंदाला सुमारे १० किलोमीटर पुढे पसरते. त्याहून मोठी अडचण रुंद नजरेची आहे. कर्णे ४० अंशांकडे रोखले, तरी त्याच्या नजरेच्या काठावर ३० अंशांचा वायू असतो आणि तिथली कड ३० किलोमीटरने पुढे असते. म्हणून कर्ण्याच्या आलेखात कडेचा क्षीण पायथा घेऊ नये. शेवटच्या ठळक कळसाची उंची जिथे निम्मी होते ती जागा घ्यावी आणि सातही दिशांना हाच नियम लावावा. ८ फुटी छत्रीने ही चूक दहा किलोमीटरच्या आत येते. २० अंशांच्या आत जाऊ नये, कारण केंद्राजवळ ताऱ्यांचा लांबट पट्टा आहे आणि तिथला वायू वर्तुळात फिरतच नाही. ८० अंशांवर कड आणि शून्य यांत अंतरच उरत नाही, त्यामुळे तो बिंदू मी फक्त पडताळ्यापुरता ठेवतो.

सर्पिल भुजा

भुजांसाठी, म्हणजे वायू आणि तारे जिथे दाटलेले आहेत त्या वळणदार पट्ट्यांसाठी, लगेच नकाशा काढायला बसू नये. आधी आडव्या अक्षावर वेग आणि उभ्या अक्षावर रेखांश घेऊन तीव्रतेच्या छटा भराव्यात. दर ५ अंशांनी मोजणी असेल, तर भुजा तिरक्या, सलग पट्ट्यांसारख्या उमटतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला ११० ते १४० अंशांकडे, उत्तरेला शर्मिष्ठेच्या दिशेने, ४५ अंश उंचीवर पाहिल्यास तर एकाच आलेखात दोन वेगळे कळस दिसतात: शून्याजवळचा आपल्या आसपासच्या वायूचा, आणि उणे ४५ ते ५० जवळचा ययाती भुजेचा, म्हणजे आपल्या बाहेरच्या बाजूच्या भुजेचा. दोन कळसांमधली ती दरी म्हणजे दोन भुजांमधली मोकळी जागा. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा खाली जेवणासाठी तिसऱ्यांदा हाक आली होती, हे मला आठवते.

वेगावरून अंतर काढायचे असेल, तर परिवलन वेग सगळीकडे २३५ मानून केंद्रापासूनचे अंतर काढता येते: २३५ गुणिले रेखांशाचा साइन हा गुणाकार घ्यावा, त्याला ८.२ ने गुणावे आणि तोच गुणाकार अधिक मोजलेला वेग यांच्या बेरजेने भागावे. त्यावरून आपल्यापासूनचे अंतर काढताना सूर्याच्या कक्षेच्या आत दोन उत्तरे येतात, एक जवळचे आणि एक दूरचे, आणि एका कर्ण्याला त्यांतले खरे कोणते हे कळत नाही. बाहेर, म्हणजे ऋण वेगांना, उत्तर एकच असते. म्हणूनच सुरुवात ययाती भुजेपासून करावी. १३४ अंशांवर उणे ४५ वेग घातला, तर केंद्रापासून ११.२ आणि आपल्यापासून ३.८ किलोपार्सेक अंतर येते.

आणि इथे पद्धत फसते. त्याच दिशेला, त्याच भुजेत, शर्मिष्ठेतल्या एका तारकाजन्माच्या ढगातील मेसरचे (एका तीव्र, नैसर्गिक रेडिओ स्रोताचे) अंतर २००६ साली पृथ्वीच्या कक्षेच्या दोन टोकांकडून दिसणाऱ्या स्थानबदलावरून थेट मोजले गेले, आणि ते १.९५ किलोपार्सेक निघाले. म्हणजे निम्मे. भुजेतला वायू शिस्तीत वर्तुळात फिरत नाही. भुजेच्या गुरुत्वाने तो ओढला जातो आणि तेवढा जादा वेग आपल्या गणितात अंतर म्हणून जमा होतो. १९५८ साली ऊर्ट, कर आणि वेस्टरहाउट यांनी हायड्रोजनवरून संपूर्ण दीर्घिकेचा नकाशा काढला तेव्हाही हीच ठेच होती. आज भुजांची जागा ठरवली जाते ती सुमारे २०० मेसरांच्या अशा थेट मोजणीवरून, सूर्याचे ८.२ आणि २३५ हे आकडेही मुख्यतः तिथून आणि केंद्रातल्या कृष्णविवराच्या निरीक्षणांतूनच आले आहेत.

म्हणून माझ्या आलेखकागदावर ययाती भुजेचा प्रत्येक ठिपका पेन्सिलने ३.८ च्या आसपास आहे, आणि १३४ अंशांच्या ठिपक्यापासून आतल्या बाजूला, २ किलोपार्सेकपर्यंत, लाल बाण काढलेला आहे.